आंजी ते आष्टी, सुनेच्या डोळ्यांच्या उंचीवरून

लिहिणारी माझी नात, सांगणारी मी. मला अक्षर येत नाही, कागदावरचं सगळं मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. नात म्हणते, आजी, तुझी बोली पुण्याकडच्यांना कळायची नाही, म्हणून ती जरा सरळ करून लिहिते. लिहू दे. पण माणसं जे बोलली ते जसंच्या तसं ठेव, आमच्याकडं बायाही 'मी जातो' म्हणतात तेसुद्धा, असं मी तिला बजावलं आहे, आणि मधूनमधून परत वाचून घेते. विश्वास आहे, पण ती इंटरनेटवर लिहिणारी आहे.

छोटी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी हे सांगते आहे. गाडी घरातली बाई चालवणार असेल तर दोनदा वाचा.

झालं असं की माझी सून वंदना नर्स आहे, आणि तिची बढतीवर आष्टीच्या दवाखान्यात बदली झाली. आम्ही आंजी मोठीचे. आष्टीला बसनं जायचं तर आर्वीला उतरा, दुसरी धरा, ती तळेगावला दम खाणार. वंदनाची ड्युटी कधी पहाटेची, कधी रात्रीची, आणि बस काही नर्सची ड्युटी पाहून सुटत नाही. प्रकाश, म्हणजे माझा मुलगा, त्याचं गावात बियाणं-खताचं दुकान आहे. तो म्हणाला, गाडी घेऊ. वंदनाजवळ लायसनही होतं. पण लायसन मिळाल्यावर थोड्याच दिवसांत शेजाऱ्यांची गाडी मागे घेताना तिनं ती आमच्या अंगणातल्या हातपंपाच्या ओट्यावर चढवली. सगळं गाव हसलं. त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कोणी विचारलं की म्हणायची, "मले नाई जमत." आता आठवड्याभरात आष्टीला जाते की नाही ते कळवायचं होतं, आणि तिनं मनात नाही म्हणून ठेवलं होतं. बढती जायची होती ती वेगळीच.

मी ठरवलं, खोट बाईत आहे की गाडीत, ते आधी पाहू.

मला गाडीतलं काय कळतं असं विचारू नका, घरच्यांनी विचारून झालं आहे. मी बंडी हाकलेली बाई आहे. माझे मालक बंडीत मागं रेलून बसायचे, मी पुढच्या टोकाला बसायची, म्हणजे बैलाच्या खुरापुढची वाट दिसते. मागं बसलं की आभाळ छान दिसतं. आभाळात कोणी शेळ्या चारत नाही.

तर पौषातल्या एका सकाळी बसनं वर्ध्याला निघालो. आंजीहून वर्धा जवळच, पण थंडीत कान बांधून बसा. आमच्याबरोबर सुधाकर होता, माझ्या बहिणीचा मुलगा. त्याला गाड्यांतलं कळतं असं तो स्वतःच सांगतो. उंची अशी की आमच्या दारातून वाकून यावं लागतं.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या आवारात आधी तर्री पोहे खाल्ले. बाहेरच ठेला आहे, तिखट आहे, जपून. मग सुधाकर एका लांब नाकाच्या राखाडी गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसला, सीट पार मागं ढकलली आणि हात लांब करून म्हणाला, मस्त आहे. प्रकाश त्याच्या शेजारी बसला, त्यालाही मस्त वाटली. मी आणि वंदना मागच्या सीटवर, मांडीवर डबे घेऊन. गाडी कोण चालवणार? जिच्या मांडीवर डबा ती. मी पहिली फेरी होऊ दिली, कारण मला मजा पाहायची होती. मग म्हटलं, उतरा सगळे, वंदनाला पुढं बसू द्या.

सीट पुढं ओढली, शेवटच्या खाचेपर्यंत. तिची छाती चाकाला लागली तेव्हा कुठं पाय क्लचवर नीट पोचला. आणि डोळे? पोरगी स्टिअरिंगच्या वरून नाही, स्टिअरिंगच्या मधून पाहत होती, खिडकीच्या गजांतून पाहावं तशी.

मी गाडीच्या नाकासमोर जाऊन उकिडवी बसले.

"वंदे, दिसतो का मी?"

"नाई."

मागं सरकले. अजून नाही. अजून सरकले. तिला पदराचं टोक दिसलं तेव्हा मी आवाराच्या फाटकाशी पोचले होते आणि पोहेवाला हातातला झारा तसाच धरून माझ्याकडं पाहत होता. सुधाकर धावत आला.

"मावशी, उठा ना. लोक पाहून राह्यले."

"लोकाइले दिसून राह्यली ना मी? जिले दिसाले पाह्यजे तिलेच दिसत नाई. तेच त पाहून राह्यली."

विकणारा मोठा गोड माणूस. आतून एक उशी घेऊन आला. उशीवर बसवल्यावर वंदनाचे डोळे चाकाच्या वर आले, मी तिला दिसले, विकणारा हसला. मी म्हटलं, आता क्लच पूर्ण दाब. पाय अधांतरी. टोकानं ढकलत होती, टाच जमिनीला नाही. उशीनं डोळ्यांना दिलं ते पायांचं काढून घेतलं. तरी तो म्हणतो, मॅडमला सवय होईल. मी विचारलं, सवय होईपर्यंत रस्त्यावरची माणसं कुठं ठेवू?

दुसरी एक लाल गाडी होती, तिच्या काचांना काळा कागद, मागची काच कोनाड्याएवढी, आणि त्या कोनाड्यात दोन कापडी कुत्री बसवलेली. ती कुत्रीच बघत असतील मागचं, म्हटलं. पुढं गेलो.

पण गंमत इथंच संपली. वंदना गाडीतून उतरून भिंतीशी उभी राहिली आणि कोणाकडं न बघता म्हणाली, "मी म्हटलं होतं ना. गाडीचं काही नाई. माह्या उंचीचंच हाय. मी आष्टीले नाई म्हणून कळवतो." प्रकाश म्हणाला, ठीक आहे, तुला त्रास नको. तो चांगल्या मनानं म्हणाला. मला त्याच्या चांगल्या मनाचाच राग आला.

मी दोघांना ऑटोत घातलं आणि पवनारला नेलं. सुधाकर आपणहून आला. वंदनाच्या दवाखान्यात येणारे एक रिटायर गुरुजी तिथं राहतात. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून गाडी विकायची आहे, असं त्यांनी तिला दोनदा सांगितलं होतं आणि तिनं ते ऐकून सोडून दिलं होतं. पवनारला जाल तर धाम नदीच्या पुलावर थोडं थांबा, आश्रमाकडं पाहा, पाण्यावरून वारा मोठा सुखाचा येतो. आम्ही थांबलो नाही. मी थांबू दिलं नाही.

गुरुजींनी दार उघडून जय भीम केला. मी आधी त्यांची उंची पाहिली. वंदनापेक्षा बोटभर जास्त असतील. तिथंच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

गाडी पांढरी, चौकोनी, जुनी. सुधाकर म्हणाला, हा तर बिस्किटांचा डबा. खरं आहे. तो आत बसला तर त्याचे गुडघे कानाशी आले, मला फार बरं वाटलं. वंदना बसली. सीट उंच, पाठ टेकलेली, हात चाकावर जरा वाकलेले, टाच खाली. काच मोठी, नाक आखूड आणि खाली झुकलेलं. मी समोर बसले. विचारायच्या आत ती म्हणाली, "दिसता." मी जवळ सरकले. "दिसता." अगदी बंपरला हात लागेल इथं आले तेव्हा कुठं म्हणाली, "आता नुसतं कपाळ." मागं जाऊन बसले, तर मागच्या काचेतून तिनं माझा अंबाडा ओळखला.

खोटं कशाला सांगू, दोषही होते. पंखा घरघर करून गप्प व्हायचा, क्लच कडक होता, आणि सीटमधली एक स्प्रिंग मांडीला टोचत होती. गुरुजींनीच ते आधी दाखवलं. म्हणाले, "ताई, अंगणात सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. उद्या हिला आष्टीपर्यंत घेऊन जा. परत आल्यावर पाठीला विचारा, मग मला सांगा. पेट्रोल तेवढं तुमचं." असा विकणारा मिळाला तर गाडी नंतर पाहा, आधी माणसाला नमस्कार करा.

गाडी सुधाकरनंच गुडघे दुमडून आंजीला आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंच निघालो. वंदना चालवायला, मी तिच्या शेजारी, प्रकाश मागं. मागं बसायला तो तयार नव्हता. "माय, काऊन हट्ट करून राह्यली? मी बाजूले बसतो, तिले सांगतो." मी म्हटलं, सांगायचं नाही म्हणूनच मागं बस.

आंजी ते खरांगणा रस्ता बरा आहे, पुढं खड्डे येतात. हिवाळ्यात या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तूर उभी असते, आणि कापसाच्या गाड्या इतक्या फुगून जातात की बाभळींच्या काट्यांना कापूस अडकून राहतो. झाडं म्हातारी झाल्यासारखी दिसतात, माझ्यासारखी. वंदना सुरुवातीला बैलबंडीच्या चालीनं चालवत होती. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि वळून पाहून हसला. आर्वीपर्यंत तिचे खांदे कानांपासून खाली उतरले. आर्वीत आलूबोंडे खाल्ले, चहा घेतला, तिघांचं मिळून पन्नासाच्या आत झालं. तिनं उठून सीट एक खाच मागं घेतली. मी मनात म्हटलं, आता ही गाडीत बसली.

तळेगावला मोठा हायवे आडवा येतो, नागपूर-अमरावतीचा. ट्रक असे जातात की जमीन हलते. तो ओलांडून आष्टीकडं जायचं. वंदनानं गाडी थांबवली. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. दोन ट्रक गेले आणि मोकळं झालं. मागून प्रकाश म्हणाला, "जाऊ दे, जाऊ दे, मोकळं हाय."

ती गेली नाही. पाठ सीटवरून उचलून पुढं झुकली आणि उजवीकडचा, काचेच्या कडेला असतो ना, तो खांब, त्याच्या पलीकडं मान काढून पाहिलं. त्या खांबामागं एक दूधवाला होता, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेला. आम्हा कोणालाच दिसला नव्हता. तो आमच्या नाकासमोरून निघून गेला, कॅनचा आवाज करत.

मग वंदना मागं न पाहता, सावकाश म्हणाली, "मले जे दिसन त्याच्यावर मी जाईन. मांगून सांगत नका जाऊ."

आणि तिनं पुन्हा झुकून पाहिलं आणि हायवे ओलांडला.

आष्टीला बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या भिंतीला गाडी लावली. तिथपर्यंत शेळ्या, टोपल्या, रस्त्यातच मांडलेली वांगी, सगळ्यांमधून तिनं गाडी नेली, हॉर्न फारसा न वाजवता. संत्री घ्या तिथं, या दिवसांत गोड असतात. मी शेंडी पाहून निवडते, पण वास घेतला तरी चालतं. आम्ही झाडाखाली बसून भाकर, वांग्याची भाजी आणि संत्री खाल्ली. प्रकाश बराच वेळ एकच संत्रं सोलत होता.

"त्या दिवशी बी मीच म्हणून राह्यलो होतो," तो म्हणाला. "येऊ दे, येऊ दे. मले वाटलं ओट्याले अजून हातभर जागा हाय."

वंदना म्हणाली, "मले त मांगचं काहीच दिसत नव्हतं. तुमच्या आवाजावर येत होती मी."

तुमच्याकडंही हेच असेल. गाडी मागं निघाली की अख्खा मोहल्ला मागं उभा राहून येऊ दे, येऊ दे करतो, ज्याला ब्रेक कुठं असतो तेही माहीत नाही तोही. आणि ठोकली की तोच पहिला हसतो. आमच्या ओट्याची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, एवढी एक ओळ सोडून. प्रकाशनं सोललेलं संत्रं तिच्या हातात दिलं. तिनं ते खाल्लं, हात पुसले, दवाखान्यात गेली आणि येते म्हणून सांगून आली. आम्हाला विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर सूर्य मागून आरशात घुसला तेव्हा तिनं आरशाखालची खुंटी दाबून त्याला गप्प केलं. ते मला माहीतच नव्हतं. घरी उतरल्यावर पाठीला विचारलं. पाठ ठीक म्हणाली, मांडी स्प्रिंगला शिव्या देत होती. त्या सीटला वर्ध्यात नवी गादी भरून घेतली, पातळ, उंची न बदलणारी. गुरुजींनी गाडीची किल्ली दिली तेव्हा गाडीवर हात ठेवून थोडं थांबले. आम्ही चहा होईपर्यंत बसलो.

आता वर्ष होत आलं. सुधाकर अजून डबा म्हणतो. लग्नाला जायचं असलं की त्याच डब्यात दुमडून बसतो. तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग पाहा, किंमत पाहा, सगळं पाहा, पण जो रोज चालवणार त्यालाच बसवा, आणि घरातल्या सगळ्यांत बुटक्या माणसाला समोर बसवून विचारा. आमच्याकडं दोन्हीला दोन बुटक्या होत्या, नशीब आमचं.

परवा सकाळची ड्युटी होती. मी हातपंपाच्या ओट्याशी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, खरंच विसरले होते की गाडी मागं निघणार. पाय पसरलेले. गाडी सुरू झाली तसा प्रकाश सवयीनं मागं येऊन उभा राहिला, हात वर केला, तोंड उघडलं आणि मिटलं. हात पाठीमागं बांधून घेतले.

गाडी हळूहळू मागं आली आणि थांबली. वंदनाचं डोकं खिडकीतून बाहेर आलं.

"आई, पाय आत घ्या. दिसून राह्यले."

मी घेतले.