बडबडी गप्प झाली तेव्हा

शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या त्या बाईला सगळे बडबडी म्हणत. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून ती दिवसभर बोलायची. "हिच्या तोंडाला कोणीतरी टाके घाला," असं सुपरवायझर म्हणाला की सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची.

पाचवा महिना लागला आणि तिचं बोलणं आटलं.

तसं घडलं काहीच नव्हतं. नवरा लांबच्या बंदरावर क्रेन चालवायला गेला होता, दर रविवारी फोन करायचा. घरी सासू होती, तीही वाईट नव्हती. पण बडबडीला जाग यायची ती छातीवर धोंडा ठेवल्यासारखी. घास तोंडातच फिरत राहायचा. सारखं लघवीला उठायचं तर सुपरवायझरला विचारावं लागे, म्हणून तिनं कामावर पाणी पिणंच सोडून दिलं.

सासूला वाटलं, सून सुधारली. शेजारणीला ती कौतुकानं सांगायची, "बाळाची चाहूल लागली आणि पोरीला पोक्तपणा आला बघा."

फरक कळला तो एकट्या ताईला. ताई म्हणजे बडबडीच्या शेजारच्या मशीनवर काजं करणारी बाई. जेवणाच्या सुट्टीत तिनं बडबडीचा न उघडलेला डबा पुढे ओढला.

"काय होतंय गं तुला?"

"काही नाही, ताई. सकाळी उठलं की वाटतं, हा दिवस उजाडलाच कशाला."

ताईनं डबा परत पिशवीत टाकला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बडबडीला दवाखान्यात घेऊन गेली. वजन वाढायचं सोडून घटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हा आजार आहे, तुमचा दोष नाही. वेळेवर खा, पाणी प्या, रोज थोडं चाला. दर गुरुवारी इथे समुपदेशक बाई येतात, त्यांच्याशी बोला. आणि घरचं कोणीतरी सोबत आणा. हे एकटीनं ओढायचं नाही."

सासू हबकलीच. "मनाचा डॉक्टर? लोक काय म्हणतील? आम्हाला काय पोरं झाली नाहीत?"

रविवारी नवरा म्हणाला, "आई म्हणते तसं कर ना. मी आलो की बघू."

दोन गुरुवार ताईच सोबत गेली. मग काजांचं काम शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यात हललं आणि त्याबरोबर ताईही. "फोन करत जा," असं तिनं दहादा बजावलं. बडबडी फोन हातात घ्यायची आणि तसाच खाली ठेवायची. रोज उठून तेच रडगाणं काय सांगायचं? दवाखानाही सुटला.

मुलगी झाली, जेमतेम दोन किलोची. नवरा चार दिवस राहून परत गेला. आठव्या दिवशी ताई आली. खोलीत बाळाभोवती बायकांचा गराडा होता आणि बडबडी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताईनं तिचा हात हातात घेतला.

"ही रडते ते ऐकू येतं, ताई. पण दुसऱ्याच कुणाच्या घरात रडतंय असं वाटतं."

"गुरुवारी आपण जाऊ. मी येते."

"तुम्हाला नवीन जागी रजा देतील?"

ताईला खोटं बोलता येईना. ती नुसती हात कुरवाळत राहिली. बसची वेळ झाली तशी उठली आणि दारात सासूला हळूच म्हणाली, "तिला एकटं सोडू नका."

"एकटी कुठाय?" सासू दुपट्यांच्या घड्या घालत म्हणाली. "घर माणसांनी भरलंय की."

ताईनं चपला घातल्या आणि ती बसथांब्याकडे निघाली.