राखीव समुद्रातला नारळ

आमच्या ह्यांना डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या बर्फात राहून समुद्राच्या तळाशी जायची हौस आली. गाड्यांची इंजिनं डिझाइन करणारा माणूस! हिवाळाभर स्विमिंग पूलमध्ये पाठीवर हवेची टाकी बांधून शिकले आणि एप्रिलमध्ये आम्ही फ्लोरिडाला गेलो. मी मालवणची. माणूस समुद्रात उतरायच्या आधी समुद्राला नारळ द्यायचा, हे मला कुणी शिकवायला नको. डेट्रॉइटच्या इंडियन स्टोअरमधून चांगला शेंडीवाला नारळ निवडून पर्समध्ये घातला होता.

होडीवर आम्ही दोघं, ह्यांचा ऑफिसमधला गोरा मित्र आणि होडीवाला, एवढेच. मी नारळ काढला तसा होडीवाला ओरडला, "नो मॅडम! हा राखीव समुद्र आहे. इथून शिंपला न्यायचा नाही, की संत्र्याचं सालसुद्धा टाकायचं नाही."

"राहू दे गं, कायदा आहे," म्हणत हे मित्राबरोबर पाण्यात गेलेसुद्धा. मला अस्सा राग आला!

चाळीस मिनिटांत वर येणार होते. नारळ मांडीवर घेऊन मी पाण्यावरचे बुडबुडे बघत बसले. थोड्या वेळाने तेही दिसेनात. उठले, बसले, घड्याळ बघितलं, बंद तर पडलं नाही ना म्हणून कानाला लावलं. पन्नास मिनिटं झाली. ते समोरच्या खडकांकडे गेले होते, म्हणून होडीवाला दुर्बीण लावून तिकडेच बघत होता. त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. मग मात्र मी कायदा घातला चुलीत. "घे बाबा, आणि माझा माणूस परत दे," म्हटलं आणि नारळ पाण्यात सोडला.

होडीवाला शिवी देत वळला आणि त्याची नजर नारळावर गेली. नारळ खडकांच्या उलट दिशेला, आमच्या मागे, भराभरा वाहत निघाला होता. पाण्याची ओढ फिरली होती. त्याने दुर्बीण तिकडे वळवली, होडी बांधलेला दोर सोडला आणि इंजिन चालू केलं.

बऱ्याच लांब दोन डोकी दिसली. दोघंही दमून उताणे तरंगत होते.

वर घेतल्यावर हे दात वाजवत म्हणाले, "मला वाटलं, संपलं." मी ओल्या पाठीत एक धपाटा घातला. मग तो हात तिथून उचलवेना.

परतताना नारळ पुन्हा दिसला. कायदा आठवून मी तो उचलायला होडीतली जाळी पुढे केली. होडीवाल्याने वेग कमी केला नाही.

"असू दे," तो म्हणाला, "समुद्राचाच आहे तो."