समुद्र नसलेल्या देशाचं जहाज

मंगळवारी दुपारी फोन आला. माझा धाकटा भाऊ निखिल जहाजावर मरण पावला होता. तो सेकंड इंजिनिअर होता. जहाजाच्या तळाशी एक बंद टाकी होती, तिच्यात उतरला तो वर आलाच नाही. आत श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, एवढंच कळलं.

बाबांची सारी नोकरी भोपाळमधल्या कारखान्यात झाली. आमच्या घरात कुणी समुद्राच्या वाटेला गेलं नव्हतं. निखिल नव्या जहाजावर निघाला की आई माझा शाळेतला पृथ्वीगोल खाली काढायची आणि जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल, त्या देशावर कुंकवाची टिकली लावायची. तो सुट्टीवर आला की ओल्या फडक्याने पुसायची. जहाज तिकडचं, म्हणजे तिकडची माणसं त्याची काळजी घेणार, असा तिचा हिशेब. बाबा तर रोज सकाळी त्या देशाचं हवामान बघायचे.

या शेवटच्या खेपेला टिकली लावताना आईचं बोट निळा रंग शोधत फिरत राहिलं.

"अरे, याला समुद्र कुठाय?"

"नाहीच आहे," निखिल बिट्टन मार्केटमधून आणलेले मटार सोलत म्हणाला. "मालक वेगळ्या देशातला, माणसं आमच्यासारखी, झेंडा यांचा. जहाजाच्या मागच्या बाजूला बंदर म्हणून यांच्या राजधानीचं नाव रंगवलंय. त्यापेक्षा भोपाळ लिहायचं, आपल्याकडे निदान बडा तालाब तरी आहे."

"मग यांचाच झेंडा कशाला?" बाबांनी विचारलं.

"सोयीचा पडतो, बाबा. हे लोक कुणाला काही विचारत नाहीत."

आम्ही सगळे हसलो होतो…

त्याला पेटीतून घरी आणलं. त्यानंतर आमचं मागणं एकच होतं. टाकीत उतरण्याआधी आतली हवा कुणी तपासली होती का, एवढं सांगा. मी जहाजांचा कारभार बघणाऱ्या आपल्या एका सरकारी कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, जहाज अपना नहीं है।" बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "लड़का तो अपना है ना?"

मग मी वाचत बसले. भर समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा, आणि माणूस मेला तर चौकशी करायची तीही त्याच देशाने. त्या देशाला लिहिलं. उत्तर तिसऱ्याच देशातून आलं. झेंड्याच्या देशाचं जहाज-नोंदणीचं कार्यालय तिथे भाड्याच्या जागेत चालतं. जहाजाने आता नाव बदललं आहे, झेंडाही बदलला आहे, ते आमच्या नोंदीत नाही, असं त्यांनी कळवलं. मृत्यूच्या दिवशी झेंडा तुमचाच होता, तेव्हा जबाबदारीही तुमचीच, असं मी उलट लिहिलं. त्यावर काहीच आलं नाही. माणसाला साधं आडनाव बदलायचं तर किती खेटे घालावे लागतात… जहाज मात्र माझ्या भावाला मारून नवा रंग लावून कुठल्याशा बंदरात माल उतरवत असेल, आणि नव्या झेंड्याखाली त्याच टाकीत दुसऱ्या कुणाला उतरवत असेल.

बाबा आता हवामान बघत नाहीत. पृथ्वीगोल टीव्हीशेजारी आहे. आई त्यावरची धूळ रोज पुसते, टिकलीला फडकं लागू देत नाही. हवा कुणी तपासली होती का, हे आम्हाला अजून माहीत नाही.