लॅपटॉपवरची खून

माझा लॅपटॉप जगप्रसिद्ध आहे. हसू नका. कुठकुठल्या देशांतल्या माणसांनी त्याच्या झाकणाचा फोटो मोठा करकरून पाहिलाय, त्यावर लाल गोल काढलेत आणि हा एका बड्या कंपनीचा अजून बाजारात न आलेला नवा लॅपटॉप आहे की नाही, यावर चार दिवस एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवलीय. मी मात्र त्याच्यावर आठवीच्या व्याकरणाच्या प्रश्नपत्रिका टाइप करते.

विरारच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. माहेर वसईजवळच्या सांडोरचं. तिथं बाबा, भाऊ आणि वहिनी राहतात, घरामागे आमची वाडी आहे. वर्षभरापूर्वी हा लॅपटॉप कपाटावरून धाडकन पडला आणि झाकणाला उभा तडा गेला. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल फार जुनं, झाकण मिळायचं नाही. रविवारी मी ते धूड घेऊन माहेरी गेले, तर बाबांनी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "चालतो ना? मंग ठेव हितं. पुढच्या रविवारी घेऊन जा."

पुढच्या रविवारी पाहते तर काय! केळीच्या खोडाचं सोपट असतं ना, वाळलं की सोनेरी तपकिरी होतं ते, ते बाबांनी झाकणभर भाताच्या खळीनं चिकटवलेलं. कडा इतक्या सफाईनं मुडपलेल्या की कुठं बोट अडकेल तर शपथ. वर खोबरेल तेलाचा हात. आणि कोपऱ्यात तापल्या सळईनं डागलेली आमच्या घराची खूण: एक आडवी रेघ आणि तिच्यावर दोन टिंबं.

ही खूण आमच्या टोपल्यांवर असते. बाबा सुकेळी करतात. राजेळी केळी पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची. पूर्वी गावात चार-पाच घरांची सुकेळी एकाच मांडवावर वाळत. टोपल्या एकमेकांत जाऊ नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी असे. आता त्या मांडवावर एकटे बाबाच उरलेत, तरी टोपलीवर खूण टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते तिला 'खून' म्हणतात. पाण्याला पानी, लोण्याला लोनी आणि खुणेला खून. मी बीएड करून आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर बापाचे उच्चार सुधारायला घेतले. "बाबा, पानी नव्हे, पाणी. ण म्हणा, ण." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या त्या अक्षरानं तहान जास्त भागते का गं बाय?"

तर असं ते झाकण. खरं सांगते, मला लाज वाटली. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे चकचकीत लॅपटॉप आणि माझ्या टेबलावर केळीचं खोड! मी लॅपटॉप मिटला की वर पटकन वर्तमानपत्र टाकायची. कुणी विचारलं तर धूळ बसते म्हणून सांगायची.

मग एका टीव्ही वाहिनीची माणसं वसईच्या वाड्यांवर कार्यक्रम करायला आली. ती आमच्याकडे येणार म्हटल्यावर घरात एक पैज लागली. गेली दोन वर्षं भाऊ मागे लागला होता, राजेळी काढू आणि मोगरा लावू. राजेळीचं झाड उंच, वाऱ्यात मोडतं, सुकेळी करणारे हात दोनच आणि तेही थकलेले. त्याचंही चूक नव्हतं. बाबा एकदम म्हणाले, "टीव्हीवर सुकेळी दिसली तर राजेळी ऱ्हायली. नाय दिसली तर होळीनंतर काढ. मी कोनाला काय बोलनार नाय." भावानं हात पुढे केला, बाबांनी टाळी दिली. वहिनी साक्षीदार. ती साताऱ्याची, पैजेच्या बाबतीत भलती कडक.

बाबांनी त्या चित्रीकरणासाठी आठ दिवस मेहनत घेऊन टोपलीभर सुकेळी केली. बोलायचं काम माझ्यावर, कारण मी शिकलेली! ओटीवर टेबल मांडलं, टोपली ठेवली आणि आजीचे जुने फोटो दाखवावेत म्हणून मी लॅपटॉप उघडून बसले. कॅमेरा लागला आणि माझा वर्गच सुरू झाला. माती, विहिरी, गोड्या पाण्याची बावखलं, पार पोर्तुगीजांपर्यंत जाऊन आले. झाकणावर वर्तमानपत्र टाकायचं त्या भरात साफ विसरले.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धी आळी आमच्या घरात. बाबा धुतलेला सदरा घालून पुढच्या खुर्चीत. आम्ही चार मिनिटं दिसलो. चारही मिनिटं पडद्यावर मी, माझे हातवारे आणि उघड्या लॅपटॉपचं झाकण. टोपली त्या झाकणाच्या बरोबर मागे! तिचा काठसुद्धा दिसला नाही. कार्यक्रम संपला, शेजारणी म्हणाल्या, "बाय काय छान बोलली," आणि बाबा उठून वाडीत गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पैज जिंकलेल्या भावाचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन. "ताई, तुमचा लॅपटॉप व्हायरल झालाय!" मला वाटलं, व्हायरस शिरला. तिनं लिंक पाठवली. कुणा लॅपटॉपवेड्यानं तो कार्यक्रम थांबवून माझ्या झाकणाचा फोटो काढला होता आणि खाली लिहिलं होतं, हा कोणता लॅपटॉप? असं झाकण जगात कुठंच नाही. झालं! भराभर तज्ज्ञ जमले. एक म्हणाला, झाडापासून बनवलेलं नवं मटेरियल. दुसरा म्हणाला, खात्रीच आहे, हा पुढच्या वर्षी येणार, कंपनीनं भारतात गुपचूप चाचणीला दिलाय. खुणेवर तर पंधरा पानं चर्चा. रेघ म्हणजे बिजागरी आणि दोन टिंबं म्हणजे दोन प्रोसेसर! आणि झाकणावर पुसट अक्षरं दिसत होती, ती कुठल्या लिपीतली यावर वेगळीच मारामारी. कुणी म्हणे ब्राह्मी, कुणी म्हणे कंपनीची सांकेतिक लिपी.

मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी तशीच सांडोरला गेले आणि तिथंच राहिले. बाबांना सगळं वाचून दाखवलं. प्रोसेसर म्हणजे काय ते त्यांनी नीट समजावून घेतलं आणि मग चिडले. "कंपनीची कशी? माझी हाय ती. सांग त्यांना." मी म्हटलं, जाऊ द्या हो बाबा. पण ऐकतील तर ते बाबा कसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीचा फोन घेतला, माइकचं चित्र दाबलं आणि मोठ्यानं सांगितलं, "ती माझी खून आहे." टीव्हीवर बोलतात तसं शुद्ध, 'आहे' लावून. फोननं ऐकलं तसं लिहिलं आणि बाबांनी ते त्या चर्चेखाली पाठवून दिलं.

मग जी काही धमाल उडाली! मराठी माणसं धावून आली. "आजोबा, कोणाचा खून?" "पोलिसांत कळवलंत का?" एकानं तर व्याकरण काढलं: "काका, खून पुल्लिंगी असतो, तो माझा खून." आठवीत माझ्याच हाताखालून गेलेला असणार मेला! आणि परदेशी लोकांना यंत्रानं भाषांतर करून दिलं, 'ती माझी हत्या आहे.' त्यांनी त्याचा अर्थ लावला की नव्या लॅपटॉपचं गुप्त नावच 'माझी हत्या' आहे. एकानं छातीठोक सांगितलं की असं नाव ती कंपनीच ठेवू शकते. वहिनी हसून हसून उंबऱ्यावर बसली. भाऊ पोट धरून विहिरीकडे गेला. बाबा मात्र विचारत राहिले, "मी चुकीचं काय बोललो?"

ते काहीच चुकीचं बोलले नव्हते, हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात वहिनी ओरडली, "ताई, ती अक्षरं लागली!" कुणा हुशार माणसानं फोटो आरशातल्यासारखा उलटा केला होता. सांकेतिक लिपी सरळ झाली आणि स्वच्छ मराठीत उमटली, 'आजचे राशिभविष्य.' तेल लावलेल्या सोपटानं वर्तमानपत्राची शाई उचलली होती.

वहिनीनं फोन बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं. माझं हसू तिथंच विरलं. मी पन्नाशीची बाई, पण गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी उभी राहिले. म्हटलं, "बाबा, मी शाळेत वर पेपर टाकायची. मला लाज वाटायची. आणि त्या दिवशी तुमची सुकेळी माझ्यामुळे दिसली नाही. माझं चुकलं." बोलता बोलता रडूच आलं.

"पेपराचं ठावं हाय मला," बाबा म्हणाले. "दर रविवारी तू लॅपटॉप आनतेस, शाई दिसते की. मी तेलाच्या फडक्यानं पुसतो. ह्या वेळी ऱ्हायलं."

मग वहिनीच म्हणाली, "रडणं पुरे. आता बाबांचा खून निस्तरा." आम्ही मांडवापाशी व्हिडिओ केला. बाबांनी सोपट कसं सोलतात, खळ कशी लावतात, सळई किती तापवतात ते दाखवलं, टोपली कॅमेऱ्यापुढे नाचवली, आणि शेवटी म्हणाले, "कंपनी बिंपनी काय नाय. आमी सांडोरचे." लोकांनी त्या व्हिडिओचं असं कौतुक केलं की बास. फक्त एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिला की कंपनीनंच या म्हाताऱ्याला हे बोलायला लावलंय.

पुढच्या रविवारी वाडी बघायला माणसं आली. पापडीची, नालासोपाऱ्याची, दोघं तर थेट ठाण्याहून. भाऊ त्यांना राजेळीखालून फिरवत होता. कुणीतरी विचारलं, ही झाडं काढणार होता म्हणे? भाऊ छाती काढून म्हणाला, "राजेळी काढायची? वेड लागलंय का कोणाला?" मी आणि वहिनीनं एकमेकींकडे पाहिलं. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण कानशिलं हसत होती.

होळी झाली. राजेळी उभी होती. त्या दिवशी बाबांनी नव्या टोपलीसाठी सळई तापवली आणि माझ्या हातात दिली. "तू टाक." मी घाबरत घाबरत रेघ डागली, मग टिंबं. दोन्ही एकाला एक चिकटली.

"जागा ठेव की जरा मधी," बाबा म्हणाले. "ल्हानपनापास्नं भांडता दोघं."

"कोण दोघं?"

"तू आनि तुझा भाऊ. आज्याची खून नुसती रेघ होती. तू झालीस तवा एक टिंब टाकला, तो झाला तवा दुसरा. पयला तुझा."

धूर निघत होता म्हणून, नाहीतर कशानं, मला पुढची टोपली दिसेना. वर्षभर मी स्टाफरूममध्ये माझ्यावरच पेपर टाकत होते.

आता टाकत नाही. परवा शाळेत नवीन आलेल्या बाई माझ्या टेबलाशी थांबल्या. झाकणावर बोट ठेवून म्हणाल्या, "काय सुंदर आहे हो! हे काय?"

"खून," मी म्हटलं. "आमच्या घरची खून."

त्या जरा घुटमळल्या. "बाई, तुम्ही मराठीच शिकवता ना?"

"मराठीच," मी म्हटलं आणि पहिल्या टिंबावर तेलाचं फडकं फिरवलं.