तिसरी धार

पारखीमामा माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी दात. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे नाव, गाव, शिक्षण विचारत होते आणि मामा मुलगी कधी हसते याची वाट बघत गप्प बसले होते. कुणाच्या तरी बोलण्यावर ती हसली, तसे ते माझ्या कानाला लागले. "वयाबद्दल खोटं बोलले न्हाईत. घे." ती आज तीस वर्षांहून अधिक काळ माझी बायको आहे. हे वाक्य तिला मीच मूर्खासारखं सांगितलं आणि तेव्हापासून मामांसमोर ती तोंडाला पदर लावूनच हसते.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी उभा जन्म दलाली केली. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर असेल, बाकी साऱ्या बाजाराला ते पारखीच. सौदा करताना विकणारा आणि घेणारा यांच्यामधला माणूस ते. खांद्यावरचा टॉवेल हातांवर पसरायचा आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन. हजार की लाख ते जनावराकडे बघून समजून घ्यायचं. मूठ आवळली की सौदा पक्का, हात सोडून मोकळं व्हायचं. मामा देवळात फारसे जात नसत, पण एक गोष्ट कडक पाळत. "तोंडानं मानूस कायबी बोलतो. टावेलाखाली खोटं न्हाई बोलायचं."

हा माणूस एकदाच फसला. ऐन तिशीत त्यांनी स्वतःसाठी राणी नावाची म्हैस घेतली. विकणाऱ्यानं तिची दोन वेळची धार काढलीच नव्हती, त्यामुळे कास अशी टम्म दिसत होती की मामांचेही डोळे फिरले. घरी आणल्यावर राणीनं पहिल्या दिवशी बादली भरली, दुसऱ्या दिवशी तांब्या आणि मग चहापुरतं. मामी म्हणाली, विकून टाका. मामा म्हणाले, "विकायची म्हंजे कुनाला तरी फसवावं लागंल." राणी म्हातारी होऊन दावणीलाच मेली. तिच्या वाटच्या पेंडीत दुसऱ्या दोन म्हशी जगल्या असत्या, हे मामी अजून ऐकवते.

त्यानंतर मामांनी नियम केला. दुभतं जनावर घ्यायचं तर विकणाऱ्याच्या दारात मुक्काम टाकायचा आणि लागोपाठ तीन धारा डोळ्यांसमोर काढून बघायच्या. "पयली धार कालची. दुसरी नशिबाची. तिसरी म्हशीची." हा नियम ते सगळ्याला लावत. गावात नवा डॉक्टर आला तेव्हा त्याचे तीन पेशंट बरे होईपर्यंत मामांनी स्वतःचा ताप अंगावर काढला होता.

मी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत, आयुष्य काढलं. निवृत्त झालो तेव्हा फंडाची रक्कम एकदम हातात आली. पेन्शन म्हणजे भाजी आणि मोबाईलचा रिचार्ज, त्यामुळे आम्हा नवरा-बायकोचं पुढचं सारं त्या रकमेवर. एरवी मी चहात साखरही मोजून टाकणारा माणूस, पण पैसे आले आणि अंगात वारं शिरलं. नगरला आमच्या कॉलनीत एक गुंतवणूक सल्लागार राहत. त्यांनी मला अमेरिका आणि कॅनडातल्या कंपन्यांचे शेअर घेणारे दोन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट दाखवले. लोकांचे पैसे एकत्र करायचे, तिकडचे शेअर घ्यायचे आणि दर तीन महिन्यांनी लाभांश वाटायचा. एक ट्रस्ट बेताचा लाभांश देणारा, दुसरा त्याच्या दुपटीहून जास्त. मी मामांना फोनवर ऐटीत सांगितलं, "आता आपले पैसे अमेरिकेत चरणार." दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं मामा दारात हजर.

सल्लागार लॅपटॉप घेऊन आले. मामांनी त्यांच्या दातांकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "कितव्या वेताची?"

सल्लागार माझ्याकडे बघू लागले. मी भाषांतर केलं, "ट्रस्ट किती जुना आहे, असं विचारताहेत."

"बारा वर्षं जुना आहे, काका."

"खाती काय?"

"बँका, तेलकंपन्या, टेलिफोन कंपन्या," मीच उत्तर दिलं.

"आन ही दुसरी?"

"तेच खाते, मामा."

"एकाच गवानीत खात्यात आन हिला दूध दुप्पट?" मामा लॅपटॉपवर वाकले. पडद्यावर त्या भरघोस ट्रस्टच्या भावाचा आलेख होता, डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत गेलेला. मामांनी त्यावरून बोट फिरवलं. "पाठ बघ हिची. शेपटाकडं उतरलीया. साहेब, दूध कमी पडलं तर ही देती कुठून?"

सल्लागार प्रामाणिक होते, हे कबूल केलं पाहिजे. ते म्हणाले, "कंपन्यांकडून आलेला लाभांश कमी पडला, तर ट्रस्ट भांडवलातून थोडी भर घालतो. नियमात बसतं ते."

मामा खुर्चीत मागे रेलले. "म्हंजे दूध आटलं की म्हशीची मांडी कापून वाटायची, आन आपन म्हनायचं, लई दुधाळ हाय!"

स्वयंपाकघरातून पदराआडचं हसू ऐकू आलं. सल्लागार घाम पुसत म्हणाले, "काका, पण थांबलात तर संधी जाईल."

"म्हैस खुट्याला बांधलीया. कुठं जाती?" मामांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तीन धारा बघायच्या. मग घे."

तीन धारा म्हणजे तीन लाभांश, म्हणजे नऊ महिने. मी हो म्हटलं. त्यावर त्यांचं समाधान झालं नाही. टॉवेल पसरून त्यांनी माझा हात खाली घेतला आणि मी मूठ आवळून शब्द दिला. पंधरा दिवसांनी त्याच हातानं मी मोबाईलचं बटण दाबलं आणि पाच लाख त्या भरघोस ट्रस्टमध्ये घातले. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पहिला लाभांश चोख आला. मला इतका आनंद झाला की पेढे घेऊन घोडेगावला गेलो. मामांनी विचारलं, "कशाचे?" मी म्हणालो, "नात बोलायला लागली." ते हसले, मीही हसलो. परतताना एसटीत पेढ्याची चव मात्र तोंडात नकोशी झाली. दुसरा लाभांशही चोख आला आणि मामा कसे जुन्या काळातले आहेत यावर मी मनातल्या मनात व्याख्यान दिलं. तिसरा निम्म्यावर आला. त्याच आठवड्यात भावही असा कोसळला की मी घाबरून सगळं विकलं. मिळालेला लाभांश धरूनही दोन लाख गेले. त्या दोन लाखांत आमचं निदान वर्ष निघालं असतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, तिनं किराण्याची यादी काढून त्यातल्या दोन ओळी खोडल्या. ते जास्त लागलं. मामांना मात्र सांगायची हिंमत झाली नाही. पैशाचं सांगता आलं असतं, टॉवेलाखालच्या शब्दाचं काय सांगणार?

मग मामांना अर्धांगवायूचा झटका आल्याचा निरोप आला. गेलो तो शुक्रवार होता, घोडेगावच्या बाजाराचा दिवस. मामा ओसरीवर खाटेवर पडून होते, वाचा गेलेली, उजवा हात तेवढा हलत होता. बाजारातल्या जनावरांचं हंबरणं ऐकू येत होतं आणि प्रत्येक आवाजासरशी त्यांचे डोळे तिकडे वळत होते. मामीनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्यांच्यासमोरच म्हणाली, "तुजी नात बोलायला लागली व्हय रं? तू पेढे देऊन गेलास आन हे म्हनले, भाचा आज दात झाकून हसला. घेतली यानं ती म्हैस."

मी चहाची बशी खाली ठेवली. वर्षभर त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मामांनी उशाच्या टॉवेलाकडे नजर वळवली. मामीनं तो त्यांच्या हातावर पसरला. मी हात खाली घातला. त्यांनी माझं एक बोट धरलं आणि भुवई उंचावली. एक लाख गेला?

मी त्यांची दोन बोटं धरली.

त्यांनी डोळे मिटले. आता ते हात झटकतील असं वाटलं, आणि तसं केलं असतं तर ते बरोबरच होतं. पण त्यांचा अर्ध्याच बाजूनं हलणारा ओठ वाकडा झाला, आणि मला कळलं की ते हसताहेत. राणीच्या मालकानं मला आपल्या पंगतीत घेतलं होतं. मग त्यांनी माझी मूठ आवळली. सौदा पक्का. झालं ते झालं, आता त्यावर बोलायचं नाही.

पुढच्या शुक्रवारपर्यंत मामा राहिले नाहीत. उरलेले पैसे आज त्या बेताच्या ट्रस्टमध्ये आहेत, तेही तीन धारा बघून घातलेले. दर तिमाहीला थोडंसं येतं आणि बायको विचारते, "किती?" मी बोटं दाखवतो. पण मला आठवतो तो टॉवेलाखालचा हात. मूठ आवळली की हात सोडायचा, हा बाजाराचा रिवाज त्यांनीच मला शिकवला होता. त्या दिवशी बाजार उठेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.