नक्की येऊ, रफिकभाई

मंडळी, आज दुपारी रफिकभाईंच्या पोलिश खानावळीत जेवून आलो. पोलंडमध्ये सहा वर्षं एका आजीबाईंच्या हाताखाली स्वयंपाक करून ते चंद्रपुरात परतले आणि किल्ल्याच्या गेटाजवळ ही खानावळ टाकली. आपण सगळेच त्यांचं पेज पाहतो.

खिडक्यांना भाभींनी विणलेले जाळीचे पडदे, टेबलाटेबलावर छोटा पिवळा दिवा. बाहेरचं ऊन विसरायला झालं. बिटाचं आंबट सूप आणि पिएरोगी मागवल्या. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजीच, आत बटाटा-पनीर, वरून लोण्यात परतलेला कांदा. पोटभर, आणि खिशाला झेपणारं. पण अख्ख्या खानावळीत मी एकटाच.

"भाई, आज गर्दी नाई?"

"आज शेवटचा दिवस हाय भाऊ. उद्या गाळा खाली करून राह्यलो." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "दर पोस्टखाली 'नक्की येऊ भाई' लिवता, ते तुमीच ना?"

मी मान हलवली.

"तिकडं लोकं येतो म्हणले का येतात. म्हणून पयला महिनाभर तुमचा टेबल राखून ठेवला होता मी. हाच, खिडकीपासचा."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी न मागता आणखी दोन पिएरोगी वाढल्या.

घरी येऊन पेज उघडलं. खानावळ बंद होतेय या पोस्टखाली आपल्याच लोकांनी लिहिलंय, "अरेरे, यायचंच होतं!"

खरं सांगा मंडळी, आजच्या आधी आपल्यातलं एक तरी माणूस तिथं जेवलं होतं का?