दुर्गाच्या भिंतीचे पत्रे

काही घरांत लग्नकार्यांचे किस्से साठतात, काही घरांत भांडणांचे. आमच्या चौलच्या आळीत ते एका भिंतीचे साठले. चार बायका भाजी निवडायला बसल्या की कोणीतरी म्हणतंच, "दुर्गाच्या पत्र्यांचं सांगा ना." मी एक सांगायला जाते, तर त्याच्या मागून दुसरा येतो. आता ती भिंत बघितलेल्या फारशा कोणी उरल्या नाहीत, म्हणून पहिल्यापासून सांगते. आणि एक आधीच कबूल करते, म्हणजे मधे कोणी विचारायला नको: मी जळत होते. चांगली चार-पाच वर्षं जळत होते.

दुर्गा आणि मी दोघी आक्षीच्या. एकाच महिन्यात आमची लग्नं झाली आणि चौलला शेजारशेजारच्या घरांत आलो. माझे यजमान इथल्याच शाळेत मास्तर. तिचे यजमान रघुनाथभावोजी मुंबईला गोदीत कारकून. घरी ती आणि तिची सासू, भागीरथीकाकू. आमच्या दोन्ही घरांच्या मागच्या भिंती समुद्राकडे. भिंती मातीच्या, त्यामुळे पावसाची झड बसली की फुगायच्या. म्हणून दर वैशाखात नारळाच्या झावळ्या विणून झाप करायचे आणि भिंतीवर बाहेरून बांधायचे. दसरा झाला की काढून चुलीत घालायचे. पुढच्या वैशाखात पुन्हा तेच.

एकोणीसशे तीस साल उलटून एखाददोन वर्षं झाली असतील, तेव्हा रघुनाथभावोजींनी ठरवलं की झाप पुरे झाले. भिंतीला सिमिटाचे पत्रे लावायचे.

*

ही बातमी आळीत सर्वांत आधी मला कळली, कारण दुर्गाला वाचता येत नव्हतं आणि तिची पत्रं आमचे मास्तर वाचून दाखवायचे. भागीरथीकाकू जात्याला टेकून बसल्या होत्या. मास्तरांनी वाचलं, "येत्या मचव्याने अस्बेस्टॉस पाठवीत आहे. बंदरावर उतरवून घ्यावे. फार जपून आणावे. वाटेत भिजले तरी चिंता नाही."

काकूंनी विचारलं, "कोन येतोय?"

"अस्बेस्टॉस," मास्तर म्हणाले.

काकूंनी जात्याला टेकलेली पाठ सरळ केली. मग दुर्गाला म्हणाल्या, "सायबाचा मानूस दिसतोय. माजघरात निजंल, त्याचं काय न्हाय. पन मासे खातो काय ते इचार."

मास्तरांनी समजावून सांगितलं की तो माणूस नाही, पत्रा आहे. सिमिटात कसलेतरी तंतू मिसळून केलेला, आगीला आणि पावसाला दाद न देणारा.

"मग पत्र्याला नाव कशापायी ठेवलंय?" काकू म्हणाल्या.

मी खूप हसले. मास्तर पुढे वाचायला लागले, "मुंबईत मोठमोठ्या साहेबांच्या बंगल्यांनाही हेच पत्रे लावतात," आणि माझं हसू तिथेच संपलं.

*

मचवा रेवदंड्याला लागला आणि पत्रे बैलगाडीतून पेंढ्यात घालून चौलला आणले. राखाडी रंगाचे, नागमोडी. सगळी आळी बघायला गेली. मी गेले नाही. मी आमच्या ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसले आणि तांदूळ पाखडायला लागले.

गाडी आली, थांबली, माणसं बोलली, पत्रे उतरले. मी सूप खालीवर करत राहिले. दुर्गाने दोनदा हाक मारली, "शांते, बघ तरी." मी म्हटलं, "कामात आहे गं."

मास्तर शाळेतून आले. माझ्याजवळ उभे राहिले, सुपात बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "त्यात तांदूळ घातलेस तर लवकर आटपेल."

*

पत्रे बसवायला गणू सुतार आला. चांगला कारागीर, पण आयुष्यभर लाकडाशी गाठ. त्याने पहिला पत्रा भिंतीवरच्या रिपांना लावला, खिळा धरला आणि हातोडा मारला. पत्रा मधोमध तडकला. आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला.

मी काय केलं, तर चहा टाकला. तेव्हा आमच्याकडे चहा पाहुणा आला तरच व्हायचा. मी तो स्वतः नेऊन गणूला दिला. म्हटलं, "दमला असाल."

दुपारी दुसरा पत्रा गेला. मी पुन्हा चहा नेला. दुर्गा बिचारी म्हणाली, "शांते, तुझे उपकार." दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा गेला आणि मी आलं घालून नेला.

गणूने कप घेतला. दुर्गा आत गेलीय ना ते बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, चवथा फोडला तर संगट लाडू येल काय?"

त्यानंतर तो आधी गिरमिटाने भोक पाडून मग स्क्रू बसवायला शिकला आणि माझा चहा बंद झाला.

*

एक अगदी छोटी गोष्ट. पत्रे लागायच्या आधी कोणी दुर्गाचं घर विचारलं, तर आळीतले लोक सांगायचे, "मास्तरांच्या शेजारचं." पत्रे लागल्यावर महिन्याभरातच मी बाजारात एका माणसाला विचारताना ऐकलं, "शाळेचे मास्तर कुठं राहतात?"

"ते पत्र्याचं घर हाय ना, त्याच्या शेजारी."

ही गोष्ट मी मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, "सापडलं ना त्याला घर?" मी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही.

*

श्रावणात दुर्गाने हळदीकुंकवाला बोलावलं. मी पाय धुतले, हात धुतले आणि आत गेले, ते सरळ मागच्या भिंतीपाशी. हाताने चाचपून बघितली. बाहेर धो धो पडत होता आणि भिंत चुलीजवळच्या भिंतीसारखी कोरडी. आमच्या भिंतीला त्या वर्षी झापांतूनही ओल आली होती, नकाशासारखी.

मी म्हटलं, "दुर्गे, ओल लागतेय गं हाताला."

दुर्गाचा चेहरा पडला. ती धावत आली आणि तिने दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले. मग काकूंना हाक मारली. काकू आल्या. त्यांनी भिंतीला हात लावला नाही, माझा हात धरला आणि उलटासुलटा करून बघितला.

"ओला तुझा हात हाय," त्या म्हणाल्या. "पूस तो."

*

दसऱ्यानंतर मी मास्तरांच्या मागे लागले की आपल्यालाही भिंतीचं काहीतरी पक्कं करायचं. मास्तर माणूस पद्धतशीर. त्यांनी पाटीवर चार रकाने आखले: झाप, फळ्या, लोखंडी पत्रे, सिमिटाचे पत्रे. प्रत्येकाखाली गुण आणि दोष. ते काम आठ दिवस चाललं. फळ्यांना वाळवी, लोखंडाला खारा वारा, सिमिटाचे पत्रे मुंबईहून आणायचे आणि ते आपल्या आवाक्याबाहेरचे. झापांच्या दोषांत लिहिलं होतं, 'दरवर्षी बदलावे लागतात.' गुणांत लिहिलं होतं, 'दरवर्षी बदलता येतात.'

मी पाटी पुसून टाकली.

शेवटी माझ्या हट्टापायी रॉकेलचे रिकामे डबे जमवले, कापून सपाट केले आणि तेच भिंतीवर ठोकले. प्रत्येक डब्यावर एक हिरवा पोपट छापलेला. ठोकायच्या घाईत निम्मे उलटे लागले. मी मात्र मागे वाळूत उभी राहून बघत होते आणि मला तो राजवाडा वाटत होता.

भागीरथीकाकू येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, पोपट सुलटा करा, न्हायतर तेल सांडंल."

पुढच्या दिवाळीपर्यंत सगळे पोपट गंजले. भिंतीवरून तांबडे ओघळ आले. मी वरून चुना दिला, तर त्यातूनही तांबडं उतरलं. दुर्गा मागच्या दारावरून गेली, तिने भिंतीकडे बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते.

*

त्याच्या आधीची, पत्रे लागल्यावरच्या पहिल्या वैशाखातली एक गोष्ट मधे राहिली, ती सांगायलाच हवी.

रघुनाथभावोजी दर वैशाखात आठ दिवसांची रजा काढून यायचे, ते झाप बांधायला. आगबोटी पावसाळ्यात बंद व्हायच्या, त्यामुळे वैशाखात भेट झाली की ती गणपतीपर्यंत पुरवायची. त्या वर्षी मात्र पत्र आलं. मास्तरांनी वाचलं, "आता भिंतीचे काम उरले नाही, तेव्हा वैशाखात येण्याचे कारण नाही. रजा राखून ठेवतो. गणपतीत जमल्यास पाहू."

काकू म्हणाल्या, "बरं झालं. आगबोट लागते त्याला."

दुर्गा म्हणाली, "पुढे?"

"पुढे सर्वांना नमस्कार आहे."

"अजून?"

मास्तरांनी कागद उलटून बघितला. "अजून काही नाही."

"परत वाचा," दुर्गा म्हणाली. मास्तरांनी परत वाचलं. ती शब्द मोजल्यासारखी ऐकत होती.

माझ्या मनात तेव्हा काय आलं तेही सांगते. मला वाटलं, असू दे, सगळंच काय तिला मिळायचं? मग घरी येऊन मला जेवण गेलं नाही, आणि त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

गणपतीतही त्यांना जमलं नाही.

*

पोपट उतरवले आणि आम्ही पुन्हा झापांवर आलो. मास्तर शिडीवर, मी खाली शिडी धरून. मी खालून सारख्या सूचना देत होते. गाठ सैल आहे, डावीकडे घ्या, पडाल. मास्तर "हो, हो" म्हणत होते आणि आपल्याला हवं तेच करत होते. उन्हं उतरली तरी निम्मी भिंत बाकी.

दुर्गा तिच्या मागच्या दारात बसून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "किती वेळ लावता गं दोघं."

"तुझं बरं आहे," मी म्हटलं. "तुझी भिंत झाली एकदाची."

"झाली," ती म्हणाली. "कायमची झाली." मग उठून आली. "शिडी धरू का? तू पाणी पिऊन ये."

मला तहान लागली होती. तरी मी म्हटलं, "नको. माझी मी धरते."

ती तशीच उभी राहिली. वरून मास्तरांनी मागितलं, तेव्हा सुंभाचा तुकडा तिने उचलून दिला. मी तो तिच्या हातून घेतला आणि मग वर दिला.

*

आणि आता हे शेवटचं.

पुढचा वैशाख. दुपारची जेवणं झाली होती. मास्तर ओट्यावर पेपर तपासत होते. दुर्गाच्या घरामागून तीन आवाज आले, मधे थोडं थोडं अंतर ठेवून. थोड्या वेळाने ती आमच्याकडे आली. केसांवर राखाडी धूळ, पदर खोचलेला, श्वास लागलेला. पायरीवर बसली आणि म्हणाली, "मास्तर, पत्र लिहायचंय."

मास्तरांनी दौत पुढे घेतली. "सांगा."

"लिहा, नारळ पडून भिंतीचे पत्रे फुटले. भिंत उघडी पडली. पाऊस तोंडावर आला. गणू सुताराला एकट्याला जमायचं नाही."

मास्तरांनी टाक बुडवला आणि तसाच धरून ठेवला. दुर्गाचे माड सगळे पुढच्या अंगाला, विहिरीपाशी. मागे नुसती वाळू. आमचे मास्तर पोरांना खोट्यासाठी छडी मारणारे. ते हळू म्हणाले, "दुर्गावहिनी, त्या बाजूला माड नाही."

दुर्गा खाली बघत राहिली. तेवढ्यात शेजारून भागीरथीकाकूंचा आवाज आला, "दुर्गे, वरवंटा कुठं ठेवलास गं?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. दुर्गाच्या उजव्या तळव्याला फोड आला होता, तो ती अंगठ्याने झाकत होती.

"वारा होता म्हणून लिहा," मी म्हटलं. "वाऱ्याने नारळ कुठेही जातो."

मास्तरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग लिहायला लागले. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "किती पत्रे फुटले?"

"तीन," दुर्गा म्हणाली.

"पाच लिहा," मी म्हटलं. "तिनाला चार दिवसांचीच रजा मिळेल."

मास्तरांनी पाच लिहिलं. दुर्गाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग उठली, पदर पुन्हा खोचला आणि घरी गेली.

मास्तर पाकिटावर पत्ता घालत होते, तेव्हा तिच्या घरामागून आणखी दोन आवाज आले.